आयोवा ते कॅलिफोर्निया : अर्धवट निकाल कसा वाचावा?

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष दर चार वर्षांनी नोव्हेंबरमध्ये निवडला जातो, हे आपल्याला पेपरमधून पाठ झालेलं असतं. पण त्या नोव्हेंबरमध्ये मतपत्रिकेवर कोणाचं नाव छापायचं, हे त्याच वर्षी जानेवारी ते जूनमध्ये ठरतं. आपल्याकडे तिकीट मागणारे आपापल्या पुढाऱ्यांच्या बंगल्यावर चकरा मारतात आणि मग एक दिवस यादी जाहीर होते. तिथे तिकिटासाठीच निवडणूक होते! मतदार साधी माणसं, आणि मतदान एका दिवसात नाही तर राज्याराज्यांतून जवळजवळ पाच महिने. यालाच प्रायमरी म्हणतात.

प्रायमरीच्या रात्री टी.व्ही.वर किंवा मोबाईलवर जे आकडे पळत असतात, ते वाचायचे कसे, हा या लेखाचा विषय. आपण इंजिनिअरिंगवाले, अर्धवट डेटावरून अंदाज बांधणं हे आपलंच काम. पण हॉस्टेलच्या टी.व्ही. रूममध्ये 30 टक्के मोजणी झाली की "जिंकला रे!" म्हणून ओरडणारे बहुतेक आपल्याच ब्रँचचे असतात, म्हणून हा प्रपंच.

आधी एक मूलभूत गोष्ट. प्रायमरीत मतं मोजतात, पण जिंकायचे असतात डेलिगेट. डेलिगेट म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन उमेदवाराला मत देणारा प्रतिनिधी. प्रत्येक राज्याला ठरावीक डेलिगेट मिळतात. निम्म्याहून एक जास्त ज्याच्याकडे, तो पक्षाचा उमेदवार. 2016 मध्ये रिपब्लिकन पक्षात 2,472 पैकी 1,237 लागत होते. 2020 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात पहिल्या फेरीसाठी 3,979 पैकी 1,991. डेलिगेट हा नुसता गुण नसून हाडामांसाचा माणूस असतो, हे 2024 मध्ये दिसलं. जो बायडेन यांनी जुलैमध्ये माघार घेतली, तेव्हा त्यांचे जिंकलेले डेलिगेट होतेच, त्यांनी कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. नाहीतर सगळ्या प्रायमरी पुन्हा घ्याव्या लागल्या असत्या.

आता मतांवरून डेलिगेट कसे निघतात ते पाहू, कारण गंमत इथेच आहे. डेमोक्रॅटिक पक्षात मतांच्या प्रमाणात वाटप होतं, पण 15 टक्क्यांची अट आहे. त्याखाली मतं पडली तर डेलिगेट शून्य. समजा एका ठिकाणी 10 डेलिगेट आहेत आणि चार उमेदवारांना 40, 33, 14 आणि 13 टक्के मतं मिळाली. शेवटचे दोघे बाद. म्हणजे 27 टक्के मतदारांची मतं हिशेबातून गेली! उरलेल्या दोघांचा वाटा 73 वर काढायचा : पहिल्याचा 54.8 टक्के, दुसऱ्याचा 45.2. दहाने गुणलं की 5.48 आणि 4.52. पूर्णांक 5 आणि 4 वाटून झाले, एक उरला. तो ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला, म्हणजे दुसऱ्याला. निकाल 5-5! सात टक्क्यांनी जिंकलेल्या माणसाच्या हातात काय आलं? हेडलाईन.

अजून एक. बहुतेक डेलिगेट राज्याच्या पातळीवर नाही, तर छोट्या छोट्या जिल्ह्यांत वाटले जातात. चार डेलिगेटच्या जिल्ह्यात दोघांचीच लढत असेल तर 60-40 ने जिंकूनही 2-2 च होतं (2.4 आणि 1.6 करून पाहा). 3-1 होण्यासाठी 62.5 टक्क्यांच्या वर जावं लागतं. पण तीन डेलिगेटच्या जिल्ह्यात 51-49 ने सुद्धा 2-1 होतं. म्हणजे सम आकड्याच्या जिल्ह्यात पैसा ओतणं बहुतेक वेळा फुकट, विषम आकड्याच्या जिल्ह्यात काठावरची मतं सोन्याची. 2008 मध्ये बराक ओबामांच्या माणसांनी हा हिशेब हिलरी क्लिंटन यांच्या माणसांपेक्षा आधी आणि जास्त बारकाईने केला होता असं माझं मत आहे, आणि त्याला पुरावा म्हणून 5 फेब्रुवारी 2008 हा एक दिवस पुरेसा आहे. त्या दिवशी न्यू जर्सीत क्लिंटन साधारण 54-44 ने जिंकल्या. मोठं राज्य, मोठी बातमी. डेलिगेट 59-48, म्हणजे फायदा 11 चा. त्याच दिवशी आयडाहो नावाच्या बटाट्यांसाठी प्रसिद्ध राज्यात ओबामा जवळपास 80-17 ने जिंकले. डेलिगेट 15-3. फायदा 12 चा! अख्ख्या न्यू जर्सीची कमाई आयडाहोने धुऊन काढली, आणि आयडाहोची बातमी बहुतेकांनी पाहिलीही नसेल.

टेक्सासचं तर विचारूच नका. 4 मार्च 2008 ला तिथे सकाळी प्रायमरी आणि संध्याकाळी कॉकस, दोन्ही होतं. क्लिंटन यांनी प्रायमरी 51-47 ने जिंकली, सगळीकडे त्यांचा जयजयकार झाला. कॉकसची मोजणी पुढे बरेच दिवस चालली आणि शेवटी बेरीज आली ती ओबामा 99, क्लिंटन 94.

रिपब्लिकन पक्षाचं गणित निराळं. तिथे काही राज्यांत वाटप प्रमाणात, तर काही राज्यांत पहिला येईल त्याला सगळं. 2016 मध्ये फ्लोरिडात डोनाल्ड ट्रम्प यांना 46 टक्क्यांच्या आत मतं मिळाली, पण डेलिगेट 99 पैकी 99. म्हणून निकाल पाहायला बसण्याआधी त्या राज्याचा नियम कोणता, हे माहीत हवं. नियम माहीत नसताना टक्केवारी पाहणं म्हणजे मार्किंग स्कीम न बघता पेपर सोडवणं.

आता कॉकस म्हणजे काय? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मॉनिटर निवडताना सिस्टर सगळ्यांना हात वर करायला सांगायच्या, आणि कोणी कोणासाठी हात वर केला हे सगळा वर्ग बघत असे. 2020 पर्यंत आयोवाचा डेमोक्रॅटिक कॉकस साधारण तसाच होता. शाळेच्या हॉलमध्ये किंवा चर्चमध्ये थंडीत लोक जमायचे, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहायचे. ज्याच्या कोपऱ्यात 15 टक्के जमले नाहीत, त्याची माणसं दुसऱ्या कोपऱ्यात जायची. मग पुन्हा मोजणी. रिपब्लिकन पक्षाचे लोक त्यापेक्षा साधे, चिठ्ठीवर नाव लिहून मोकळे. हे सगळं सरकार नाही, पक्षाचे कार्यकर्ते स्वतः चालवतात आणि आकडे वर कळवतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दोन मोठे घोटाळे (घोटाळा म्हणजे लबाडी नव्हे, गोंधळ) इथेच झाले.

पहिला 2012 चा, रिपब्लिकन पक्षाचा. 3 जानेवारीच्या रात्री जाहीर झालं की मिट रॉम्नी आठ मतांनी पुढे. सव्वा लाखाच्या आसपास मतांतून आठ! बातम्यांत रॉम्नी जिंकले. 10 जानेवारीला ते न्यू हॅम्पशायरही जिंकले, आणि "दोन्हीत विजयी" अशी त्यांची हवा झाली. मग दोन आठवड्यांनी कागदपत्रं तपासून प्रमाणित आकडे आले : रिक सँटोरम 29,839, रॉम्नी 29,805. म्हणजे सँटोरम 34 मतांनी पुढे, आणि आठ मतदान केंद्रांचे निकाल तर प्रमाणित झालेच नाहीत. सँटोरम यांना विजय मिळाला, पण ज्या आठवड्यात त्या विजयावर देणग्या जमल्या असत्या, तो आठवडा परत मिळाला नाही. त्याहून विनोदी भाग पुढेच. कॉकसच्या रात्री लोकांची मतं डेलिगेटना बांधलेली नव्हती, आणि तिसऱ्या आलेल्या रॉन पॉल यांच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकांना चिकाटीने हजेरी लावली. राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या 28 पैकी 22 मतं पॉल यांना पडली. आठ मतं, चौतीस मतं, सगळा वाद ज्यावरून झाला त्याचा डेलिगेटशी संबंध जवळजवळ नव्हताच!

दुसरा गोंधळ 3 फेब्रुवारी 2020 चा, डेमोक्रॅटिक पक्षाचा, आणि तो आपल्या कॉम्प्युटर आणि आय.टी.च्या मुलांनी तर अभ्यासक्रमात घ्यावा असा आहे. त्या वर्षी प्रत्येक केंद्रावरून तीन प्रकारचे आकडे कळवायचे होते : पहिल्या मोजणीची मतं, कोपरे बदलल्यानंतरची मतं, आणि त्यावरून निघणारा डेलिगेटचा हिशेब. सुमारे 1,700 केंद्रं. आकडे पाठवण्यासाठी घाईघाईत तयार केलेलं मोबाईल ॲप दिलं होतं. अनेक केंद्रप्रमुखांना ते उघडताच आलं नाही. ज्यांना आलं, त्यांचे आकडे आत बरोबर साठत होते, पण कोडमधल्या चुकीमुळे पक्षाच्या मुख्यालयाला त्यातले अर्धवटच मिळत होते. पर्याय म्हणून फोन लाईन होत्या, त्या सगळ्यांनी एकदम फोन केल्यावर जाम झाल्या. लोड टेस्टिंग नाही, बॅकअप त्याच लोडखाली कोसळला. वाचलं ते कशामुळे? कागदामुळे. त्या वर्षी मतदारांकडून कार्डावर लिहून घेतलेलं होतं, त्यामुळे मोजणी पुन्हा करता आली. पहिले आकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, तेही 62 टक्के केंद्रांचेच. अखेरीस पीट बुटिजेज यांना 14 आणि बर्नी सँडर्स यांना 12 डेलिगेट मिळाले, पण मतं सँडर्स यांना जास्त होती, आणि असोसिएटेड प्रेसने विजेता जाहीर करायलाच नकार दिला. 22 फेब्रुवारीच्या नेवाडा कॉकसने ते ॲप वापरायचा विचार सोडून दिला. आयोवाचा डेमोक्रॅटिक पक्षातला पहिला नंबरही पुढे गेला. 2024 मध्ये त्या पक्षाची अधिकृत सुरुवात साउथ कॅरोलिनाने झाली.

असोसिएटेड प्रेसचं नाव आलं म्हणून सांगतो. आपल्याकडे निकाल निवडणूक आयोग जाहीर करतो. अमेरिकेत सगळ्या देशाची मतमोजणी एकत्र करून रात्रीच सांगणारं सरकारी ऑफिस नाही. प्रत्येक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आपापली मतं मोजते, आणि 1848 पासून ते आकडे गोळा करून बेरीज करायचं काम ही वृत्तसंस्था करते आहे. तिचे वार्ताहर काउंटीच्या ऑफिसात बसून आकडे कळवतात. विजेता "जाहीर" होतो तो या संस्थेकडून किंवा टी.व्ही. वाहिन्यांकडून, सरकारी प्रमाणपत्र बऱ्याच दिवसांनी येतं.

आता मुख्य धडा. मोजलेली मतं म्हणजे सगळ्या मतांचा नमुना. पण तो रँडम नमुना नसतो! आपल्या मॅथ्सच्या पुस्तकातली पिशवी आठवा, जिच्यातून न बघता गोट्या काढतात. इथे पिशवी नसून एकावर एक रचलेले थर असतात, आणि वरचा थर आधी निघतो. आपल्याकडेही आठ वाजता टपाली मतं आधी घेतात आणि साडेआठला वाहिन्यांवर 'आघाडी' दिसू लागते, ती त्या थराची.

एक कल्पित राज्य घेऊ. दोनच काउंट्या. ग्रामीण काउंटीत एकूण 1,00,000 मतं, तिथे 'अ' उमेदवार 60-40 ने पुढे. शहरी काउंटीत 1,50,000 मतं, तिथे 'ब' 58-42 ने पुढे. ग्रामीण मोजणी पटकन होते, 80 टक्के झाली. शहरात फक्त 20 टक्के. पडद्यावर काय दिसेल? अ : 60,600. ब : 49,400. मोजणी 44 टक्के पूर्ण, अ 11,200 मतांनी आणि दहा टक्क्यांनी पुढे. टी.व्ही. रूममध्ये पार्टी सुरू. आता ब ला उरलेल्या मतांतला किती वाटा लागेल ते काढू. सूत्र सोपं आहे : 50 टक्के अधिक, पिछाडी भागिले उरलेली मतं, त्याचा अर्धा. उरलेली मतं 1,40,000. 11,200 भागिले 1,40,000 म्हणजे 8 टक्के, त्याचे अर्धे 4. म्हणजे ब ला 54 टक्के हवेत. उरलेल्यात 1,20,000 शहरी आणि 20,000 ग्रामीण मतं आहेत. ब ला त्यातून 69,600 अधिक 8,000, म्हणजे 77,600 मिळतील. ते झाले 55.4 टक्के. लागत होते 54. ब 4,000 मतांनी जिंकला! पडद्यावरचा एकही आकडा चुकीचा नव्हता. म्हणून 'किती मोजली' याच्या शेजारी 'कुठली उरली' हे विचारायचं. बाकी सगळं तपशील.

याचं खरं उदाहरण म्हणजे 6 मे 2008 ची इंडियाना प्रायमरी. क्लिंटन सुरुवातीपासून पुढे. पण शिकागोला चिकटलेली लेक काउंटी, जिथे गॅरी हे कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेलं शहर आहे आणि ओबामांना भरघोस मतं अपेक्षित होती, ती कित्येक तास काहीच कळवेना. त्या काउंटीचं घड्याळही बहुतेक राज्यापेक्षा एक तास मागे. क्लिंटन यांची आघाडी घसरत घसरत शेवटी सुमारे 14,000 वर थांबली. बहुतेक वाहिन्या मध्यरात्र उलटली तरी तोंड उघडायला तयार नव्हत्या, आणि ते योग्यच होतं. क्लिंटन जिंकल्या, डेलिगेट 38-34. पण त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनात ओबामा मोठ्या फरकाने जिंकले होते. तो विषय तिथेच संपला हे जाणकारांनी त्याच रात्री ओळखलं.

थर नुसते गावांचे नसतात, वेळेचेही असतात. 2020 ची सुपर ट्यूसडे पाहा. 29 फेब्रुवारीला बायडेन यांनी साउथ कॅरोलिना दणदणीत जिंकलं. 1 मार्चला बुटिजेज आणि 2 मार्चला एमी क्लोबुशार यांनी माघार घेतली. 3 मार्चला 14 राज्यांत मतदान. टेक्सासमध्ये कित्येक दिवस आधीपासून मतदान करता येतं, आणि ती आगाऊ मतं सगळ्यात आधी जाहीर होतात. ती मतं साउथ कॅरोलिनाच्या आधीची! त्यामुळे संध्याकाळी सँडर्स पुढे दिसत होते. मग त्या दिवशीची मतं उघडायला लागली आणि बायडेन 34.6 विरुद्ध 29.9 टक्क्यांनी जिंकले. एकाच राज्याच्या एकाच पेटीत दोन वेगवेगळ्या आठवड्यांचं लोकमत होतं. आणि माघार घेतलेल्या बुटिजेज यांना कॅलिफोर्नियात तरीही दोन लाखांहून जास्त मतं पडली. टपालाने आधीच पाठवलेलं मत परत घेता येत नाही. पाच महिने चालणाऱ्या निवडणुकीची ही किंमत मला फारशी पटत नाही, पण एका दिवसात सगळं उरकलं असतं तर 2008 मध्ये ओबामांना कोणी ओळखलंच नसतं, हेही खरं. आयोवा जिंकल्यावर देशाने त्यांच्याकडे गंभीरपणे पाहिलं.

मग मोजणी संपायच्या आधीच, कधीकधी मतदान संपताक्षणी विजेता कसा जाहीर करतात? मतदारांच्या मोठ्या सर्वेक्षणावरून आणि निवडक केंद्रांच्या आकड्यांवरून. फरक इतका मोठा असेल की उरलेले सगळे थर कसेही निघाले तरी निकाल बदलणार नाही, तर थांबायचं कशाला? बायडेन यांचं साउथ कॅरोलिना असंच मतदान बंद होताच जाहीर झालं. पण याचाही अतिरेक होतो. 15 जानेवारी 2024 ला आयोवात कॉकस सुरू होऊन अर्धा तासच झाला होता, काही हॉलमध्ये लोकांच्या चिठ्ठ्या टाकायच्या बाकी होत्या, आणि ट्रम्प जिंकल्याची बातमी त्यांच्या खिशातल्या मोबाईलवर आली. अंदाज बरोबर होता, ट्रम्प यांना 51 टक्के मिळाले. तरीपण उणे तापमानात घराबाहेर पडलेल्या माणसाला रांगेत उभं असतानाच निकाल सांगणं हे मला असभ्यपणाचं वाटतं.

नमुना लहान असला की काय होतं याचं सर्वांत गोड उदाहरण न्यू हॅम्पशायरमधल्या डिक्सव्हिल नॉच या वस्तीचं. तिथे मध्यरात्रीच मतदान करून लगेच निकाल सांगायची परंपरा आहे. 2024 मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत सहाच्या सहा मतं निकी हेली यांना! 100 टक्के! त्या रात्री राज्यात ट्रम्प 54 विरुद्ध 43 टक्क्यांनी जिंकले.

एक आपल्या माणसाचंही उदाहरण देतो, ते राष्ट्राध्यक्षपदाचं नाही, पण प्रायमरीचंच आहे. बेळगावचे श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिघांत तिसरे आले, साधारण 18 टक्के मतं घेऊन. 2022 मध्ये संसदेच्या एका जागेसाठी डेट्रॉईट भागात उभे राहिले, तिथे नऊ उमेदवारांची गर्दी होती, आणि 28 टक्क्यांवर ते पहिले आले. अशा प्रायमरीत डेलिगेट नसतात, पहिला तो जिंकला. नोव्हेंबरमध्ये ते खासदार झाले. म्हणजे टक्का मोठा की छोटा हे समोर किती जण आहेत त्यावर.

ज्यांना पुढच्या वेळी, 2028 च्या सुरुवातीला, स्वतः पाहायचं आहे त्यांच्यासाठी वेळा. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून साडेनऊ तास. तिथे संध्याकाळी सातला पूर्वेकडची पहिली राज्यं बंद होतात, तेव्हा आपले पहाटेचे साडेपाच. म्हणजे गरम पाण्याच्या रांगेत उभं राहून पहिला थर बघता येतो. साडेसहा-सातला नाश्ता होईपर्यंत मधली राज्यं येतात. टेक्सासचा एक कोपरा तासभर उशिरा बंद होतो हे विसरू नका. काउंटीवार नकाशा उघडून ठेवा, कागदावर मोठ्या काउंट्यांची उरलेली मतं लिहा आणि वरचं सूत्र चालवा. कॅलिफोर्नियाचं मतदान आपल्या सकाळी साडेनऊला बंद होतं, तेव्हा पहिलं लेक्चर सुरू झालेलं असेल. खुशाल लेक्चरला बसा. तिथे टपालाची मतं नंतरही काही दिवस येत राहतात आणि मोजणी कित्येक आठवडे चालते.